मोरीच्या तोंडाशी हळद

आमच्या मोरीच्या तोंडाशी दगडावर एक पिवळा डाग आहे. बोटभर रुंद, दोन वीत लांब. तो मी पाडला. गेल्या साली मोरीत मुंग्या व्हायला लागल्या तेव्हा मी तिथं हळदीची रेघ ओढली होती. मुंगी हळद ओलांडत नाही, एवढं आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं. घरात हळद भरपूर. लेक सांगलीला दिलेली, विश्रामबागला राहते, दर खेपेला येताना पिशवीभर आणते. रेघ ओढली, हात झटकले आणि बाहेर आलो. काम झालं म्हणून.

बायको जाऊन सात महिने झाले. त्या मुंग्या कशानं आल्या होत्या ते मला सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तेव्हा कळून काय उपयोग होता.

मी चौथी शिकलो. पलटणीत स्वयंपाकी होतो, पेन्शनीवर आलो, मग घरचं आल्याचं रान बघत बसलो. घुमवून फिरवून बोलायची मला सवय नाही. घडलं तसं सांगतो.

तिला मनाचं दुखणं होतं. गाव खूळ म्हणायचं. मी पण म्हणायचो. लेक झाली आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांत ते सुरू झालं. मी तेव्हा वाळवंटात पोस्टिंगला होतो. आईनं कुणाकडून तरी पत्र लिहून घेतलं, रजा काढून ये, सून पाणी ओतत बसलीय. आलो तर ही उंबऱ्यावर बसलेली, नखशिखांत ओली. हंडा भरायची, उंबऱ्यावर ओतायची, परत भरायची. हाताची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. म्हणायची, पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवलंय. एकदा विहिरीच्या काठावरनं चुलत्यानं ओढून आणली. देवऋषी झाला, अंगारे झाले. शेवटी साताऱ्याला डॉक्टरकडं नेली. त्यानं गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘पाण्यावर लक्ष ठेवा. पाण्याच्या नादाला लागली की समजा, दुखणं उलटलं.’

तो हुकूम मी चाळीस वर्षं पाळला. त्या डॉक्टरचं काही चुकलं नव्हतं. त्या वेळेला ते बरोबरच होतं.

गोळ्यांनी ती बरी झाली. बरी म्हणजे चांगली बरी. भाकऱ्या, म्हशी, रान, लेकीचं लग्न, सगळं तिनं केलं. मधूनच एखादा महिना गप्प बसायची, तेवढंच. गोळी आधी आई द्यायची, पेन्शनीवर आल्यापासनं मी माझ्या हातानं द्यायचो. पलटणीत मलेरियाच्या गोळ्या द्यायचे तशी. तळहातावर गोळी ठेवायची, वर घोटभर पाणी, मग तोंड उघड, जीभ वर कर, बघू. एक दिवस चुकवला नाही. ती म्हणायची, ‘झाली का परेड? आता भाकऱ्या करू द्या, न्हाईतर पलटण उपाशी मरंल.’

पुढं साताऱ्याला जायची गरज राहिली नाही. तालुक्याच्या गावाला सरकारी दवाखान्यात महिन्यातनं एका मंगळवारी मनाचा डॉक्टर यायला लागला. लांबच्या टोकाला एक खोली होती, बाहेर बाक. आत एक टेबल, एक सिस्टर, गोळ्यांचं कपाट. आम्ही दोघं नऊच्या एसटीनं निघायचो, अकराला पोचायचो. दवाखान्यात तिला सगळे ‘मंगळवारवाली’ म्हणायचे. तसल्या सगळ्यांनाच म्हणायचे.

डॉक्टर चांगला होता. पण बाहेर शंभरभर माणसं बसलेली, एकेकाला तो किती वेळ देणार? तिला समोरच्या स्टुलावर बसवायचा आणि विचारायचा मला.

‘बाबा, झोप लागते का?’

‘लागते.’

‘एकट्या बडबडतात का?’

‘न्हाई.’

‘गोळ्या घेतात?’

‘मीच देतो, साहेब.’

‘छान.’

झालं. एकदा ती मधेच म्हणाली, ‘डॉक्टर, कवातरी मला बी इचारा की.’ डॉक्टर हसला, सिस्टर हसली, मी पण हसलो. मग डॉक्टरनं विचारलं, ‘बोला आजी.’ तर आजी लाजल्या, म्हणाल्या, ‘काय न्हाई, बरं हाय.’ पुढच्या महिन्याला परत मलाच विचारायला लागला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट छाती फुगायची. घरचा माणूस लक्ष देतो म्हणून सिस्टर दुसऱ्यांना माझा दाखला द्यायची.

गोळ्यांनी ती अंगानं सुटली होती. चोळ्या दोनदा उसवून मोठ्या केल्या. खाली बसली की उठताना माझा हात लागायचा. पण त्या खोलीत वजनाचा काटा नव्हता. काटा होता तो गरोदर बायकांच्या खोलीत. दंडाला पट्टा बांधून दाब बघायचं मशिन होतं ते पुढं, मोठ्या ओपीडीत. आमच्या खोलीत मनच बघायचे. इतक्या वर्षांत तिच्या बोटाला कुणी सुई लावली नाही. मी म्हटलं नाही, लावा म्हणून. मला काय माहीत?

गेल्या दिवाळीनंतर तिला तहान लागायला लागली.

आधी मी लक्ष दिलं नाही. मग बघितलं तर बाई तांब्यावर तांब्या पाणी पितेय. पितेय आणि मोरीत जातेय. आलं काढणीचे दिवस, थंडी मी म्हणतेय आणि ही घटाघट पाणी पितेय.  चाळीस वर्षांपूर्वीचा तो ओला उंबरा डोळ्यासमोर उभा राहिला. मनात म्हटलं, आलं परत.

‘आवं, घशाला कोरड पडती वो. लाकूड झालंय तोंडाचं.’

‘मग जरा दम धर. पाण्याचा नाद सोड.’

‘नाद न्हाई वो ह्यो. तहान हाय.’

‘तवा बी असंच म्हणायचीस.’

तेव्हा ती असं म्हणत नव्हती. तेव्हा ती पाणी पीत नव्हती, ओतत होती. हा फरक मला आता बसल्याजागी दिसतो. तेव्हा दिसला नाही. पाणी दिसलं आणि मी घाबरलो, बस्स.

मग ती म्हणायला लागली, ‘मोरीत मुंग्या येत्यात माझ्या मागं.’ मी म्हटलं, आता भास पण सुरू झाले. चार दिवस मी तिला त्यावरनं दरडावत होतो. पाचव्या दिवशी दात घासायला मोरीत गेलो तर खरंच मुंग्या. काळ्या, बारीक, दगडाच्या फटीतनं रांगच लागलेली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, भास तरी नाहीत. आणि डब्यातली हळद आणून रेघ ओढली.

ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, ‘बघा, मी खोटं बोलत न्हवते.’

मी म्हणालो, ‘बरं बरं. सरक.’

मुंग्या गेल्या. पाणी पिणं काही कमी होईना. मग मी पाण्याचं राशन केलं. वाळवंटात आमच्याकडं पाण्याचा टँकर यायचा आणि पाणी माणशी मोजून असायचं. मेसमधलं पाणी माझ्या ताब्यात. जवान लय शिव्या घालायचे, पण मी एकाला जास्त दिलं नाही. तीच अक्कल मी घरात चालवली. सकाळी दोन तांबे, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. माठ आतल्या खोलीत ठेवला आणि रानात जाताना खोलीला कुलूप लावलं. तिच्या भल्यासाठीच करतोय असं मला वाटत होतं. ती पहिल्यांदा भांडली, मग रडली, मग भांडायचं सोडून दिलं.

मधे एकदा मी तिला मोठ्या ओपीडीत नेलं. तिला थकवा होता, चालताना धाप लागायची. नवा पोरगेला डॉक्टर होता. त्यानं केसपेपर हातात घेतला, उलटा केला, गोळ्यांची नावं वाचली. म्हणाला, ‘ह्या मंगळवारवाल्या आहेत ना? मग मंगळवारी सांगा. गोळ्यांनी पण थकवा येतो.’ तिच्याकडं त्यानं मान वर करून बघितलं नाही. मी वाद घालायला पाहिजे होता. दुसऱ्या कशावर मी लय वाद घालतो. पण मलाही तेच वाटत होतं, की हे मंगळवारचंच दुखणं आहे. मी ‘व्हय साहेब’ म्हणून उठलो.

मग तो दिवस. दुपारी रानात पाणी धरून मी घरी आलो. ती सोप्यात नाही, परड्यात नाही. गोठ्यात बघितलं तर म्हशीच्या बादलीपुढं गुडघे टेकून बसलेली, तोंड बादलीत. म्हैस शेजारी उभी राहून बघतेय.

मी ओरडलो, ‘अगं लाज हाय का न्हाई? म्हशीचं पाणी पितीस?’

तिनं तोंड वर केलं. हनुवटीवरनं पाणी गळत होतं, कडब्याची काडी चिकटली होती. म्हणाली, ‘तिला कुणी मोजून देत न्हाई.’

एवढंच बोलली. पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीला धरून उठली. मी हात द्यायला गेलो तर माझा हात घेतला नाही.

माणसाला एवढ्यानं जाग यायला पाहिजे होती. मला उलटंच वाटलं. शहाणं माणूस म्हशीच्या बादलीत तोंड घालेल का? माझी खात्रीच झाली, की दुखणं उलटलं.

पुढच्या मंगळवारी मी हे सगळं डॉक्टरला सांगितलं. पाणी, बादली, सगळं. पुरावा दिल्यासारखं सांगितलं.

‘पूर्वी असं व्हायचं?’ त्यानं विचारलं.

‘व्हय. सुरुवातच पाण्यापासनं झालेली.’

त्यानं तिच्याकडं बघितलं. म्हणाला, ‘गोळी थोडी वाढवतो. पण बाबा, एकदा रक्त तपासून घ्या.’ चिठ्ठी लिहून दिली. ‘उपाशीपोटी यायचं, सकाळी.’

म्हणजे त्यानं सांगितलं होतं. हे मी लपवत नाही. रक्ताची खिडकी पुढच्या इमारतीत, ती सकाळी दहाला बंद व्हायची. आमची एसटी अकराला पोचायची. त्या आधीची गाडी खंडाळ्याकडनं यायची, ती कधी यायची, कधी यायची नाही. दोन दिवस आम्ही उपाशी फाट्यावर उभे राहिलो, गाडी आली नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, मनाच्या दुखण्याला रक्त कशाला? राहू दे. चिठ्ठी केसपेपरात घडी घालून ठेवली. अजून आहे.

त्या महिन्यात ती वाळली. भराभर वाळली. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. शेजारची बाई म्हणाली, ‘काकी कशा सडपातळ झाल्या, नवरीगत दिसायला लागल्या.’ ती पण हसली जराशी. मी म्हटलं, वाढवलेली गोळी लागू पडली.

माघात लेक आली. उंबऱ्यातच थांबली. आईचा हात हातात घेतला तर बांगड्या मनगटावरनं सरकून कोपराला गेल्या.

‘आप्पा, आईला काय झालंय?’

‘काय झालंय? जुनंच हाय. पाण्याच्या नादाला लागलीया.’

‘कसला नाद?’

मी सांगितलं. कुलूप दाखवलं. लेकीनं किल्ली माझ्या हातातनं घेतली, माठातला तांब्या भरला, आईपुढं धरला. ती प्यायली. परत भरला, परत प्यायली. मला बघवेना, मी उठून परड्यात गेलो. मागनं लेकीचा आवाज आला, ‘पी आई, सावकाश पी. कुणी काय बोलत न्हाई.’

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं गाडी सांगितली. म्हणाली, सांगलीला माझ्या डॉक्टरांना दाखवते, इथं नको. मी अडवलं नाही. कऱ्हाडपर्यंत ही बोलत होती. नातीला कसला खाऊ न्यायचा ते विचारत होती. कऱ्हाड सोडलं आणि मान लेकीच्या खांद्यावर टाकली. आम्हाला वाटलं, झोपली.

सांगलीत दवाखान्याच्या दारातच सिस्टरनं बोटाला सुई टोचली. सुई लावायला, थेंब घ्यायला आणि आकडा यायला, मी चहाचं आधण ठेवून मागं वळतो तेवढा पण वेळ लागला नाही. साखर एवढी होती की सिस्टरनं परत दुसऱ्या बोटाला टोचून बघितलं. पळापळ झाली, आत घेतलं.

मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. ‘तहान किती दिवस होती?’

‘दिवाळीपासनं.’

‘लघवीला सारखं जायचं? तिथं मुंग्या लागायच्या का?’

मी म्हणालो, ‘लागायच्या. म्या हळद टाकली.’

 लेकीनं माझ्याकडं बघितलं. ती हळद तिनंच आणलेली होती. मग बाईंनी समजावून सांगितलं. अशा गोळ्यांनी काही जणांची साखर वाढते. म्हणून गोळ्या बंद करायच्या नसतात, पण वजन, दाब, साखर दर काही महिन्यांनी बघायची असते. जिथं गोळी मिळते तिथंच बघितली तर बरं पडतं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं.

आठ दिवस ती आत होती. मला दिवसातनं एकदा, थोडा वेळ सोडायचे. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली होती. ओठ फुटलेले. म्हणाली, ‘पाणी देता?’

मी सिस्टरकडं बघितलं. सिस्टर म्हणाली, ‘तोंडानं नाही द्यायचं बाबा, ठसका लागेल. सलाईनमधनं जातंय.’ कापसाचा ओला बोळा दिला हातात. तो मी तिच्या ओठांवरनं फिरवला. ती बोळा चोखायला बघत होती. मी म्हणालो, ‘अगं, ही म्हणते न्हाई द्यायचं.’

ती म्हणाली, ‘हितं बी राशन?’

चेष्टा केली का खरंच विचारलं, मला कळलं नाही. नंतर ती बोलली नाही. आठव्या दिवशी गेली. कृष्णेच्या काठावर सगळं झालं. डोळ्यासमोर एवढी नदी वाहत होती, मी तिच्याकडं पाठ करून बसलो.

घरी आल्यावर कपाटात गोळ्यांची पाकिटं राहिली होती. एका मंगळवारी परत करायला गेलो. नऊची एसटी, अकराला पोचलो, सवयीनं बाकावर बसलो. आत गेलो तर खोलीत काटा. टेबलावर दाबाचं मशिन, साखरेचं मशिन, सुयांचा डबा. नवी सिस्टर. येणाऱ्या प्रत्येकाला आधी काट्यावर उभं करत होती, मग मनाचं विचारत होती. केसपेपरावर पण वजन, दाब, साखर लिहायला वेगळ्या रेघा मारलेल्या.

‘आजी कुठंयत?’ तिनं विचारलं.

मी पाकिटं टेबलावर ठेवली. तिला कळलं.

‘हे कवा सुरू झालं?’

‘दोन महिने झाले, बाबा.’

 चांगलं झालं म्हणालो. आणि बाहेर बाकावर येऊन बसलो. शेजारी एक जोडपं होतं. बाई पन्नाशीची, जाड, डोळे जड झालेले. नवऱ्याच्या पिशवीतली बाटली सारखी ओढत होती आणि तो परत टोपण लावून आत टाकत होता.

मी म्हटलं, ‘पिऊ दे की गड्या.’

‘आवं, सकाळधरनं दोन बाटल्या झाल्या. हिला खूळच हाय.’

मी विचारलं, ‘साखर बघितली का आत?’

‘न्हाई. पट्ट्या संपल्यात म्हणं मशिनच्या. फुडच्या मंगळवारी बघतो म्हणली सिस्टर.’

मी उठून आत गेलो. सिस्टरला म्हटलं, त्या बाईची बघा. ती म्हणाली, ‘बाबा, पट्ट्याच नाहीत ओ, मी काय करू? उद्या सकाळी पुढच्या खिडकीत रक्त द्यायला सांगितलंय त्यांना. चिठ्ठी दिलीय.’ तिच्या डोळ्यात पण पाणी आलं होतं. तिच्यावर ओरडून काय होणार होतं?

बाहेर आलो. त्या माणसाला म्हटलं, ‘उद्या उपाशीपोटी घिऊन ये. चुकवू नको. गाडी न्हाई मिळाली तर चालत ये. आणि घरी गेल्यावर मोरीत बघ, मुंग्या झाल्यात का.’

तो हसला. बायकोला म्हणाला, ‘ऐकलंस का? म्हाताऱ्याला मोरीत मुंग्या दिसत्यात.’ मग मला म्हणाला, ‘आवं, तुमी बी मंगळवारवालंच का?’

बाई हसली नाही. माझ्याकडं बघत होती. मी माझी बाटली तिला दिली. ती उभ्या उभ्याच प्यायली, सगळी. तेवढ्यात त्यांच्या एसटीची वेळ झाली, ती दोघं निघाली. गाव कुठलं, ते विचारायचं पण मला सुचलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी रक्ताच्या खिडकीपाशी गेलो. फाट्यावर पहाटेपासून उभा होतो, गाडी आली. दहा वाजेपर्यंत थांबलो. ती दोघं आली नाहीत.

पुढच्या मंगळवारी परत गेलो. पट्ट्या आल्या होत्या. सिस्टर म्हणाली, ‘आलाच आहात तर बोट द्या, बाबा.’ दिलं. माझी साखर चांगली निघाली. सिस्टरनं मला सांगितलं, खुशीनं सांगितलं. मी त्या बाईचं विचारलं. तिनं वही चाळली, नाही म्हणून मान हलवली.

खोलीला कुलूप लावेपर्यंत मी बाकावर बसलो. पिशवीत दोन बाटल्या होत्या. भरलेल्याच घरी आणल्या.